वळणावरची बाटली

आमच्या धंद्यात माणूस मुळात एकटाच लागतो. आधी पोहायचं, मग अर्धा दिवस सायकल, आणि जीव नकोसा झाला की वर अख्खी मॅरेथॉन. सायकलवर पुढच्या बाईपासून बारा मीटर लांब राहायचं. तिच्या आडोशाने वारा चुकवला की दंड. कुणी जवळ आलंच, तर तो पंच असतो.

घरीही तेच. भाड्याची एक खोली, भिंतीकडे तोंड करून स्टँडवर बसवलेली सायकल, आणि जेवण अशा वेळी की ते कुणाबरोबर होणंच शक्य नाही. मैत्रिणींनी आधी लग्नांना बोलावलं, मग मुलांच्या वाढदिवसांना, मग बोलावणं सोडलं. त्यांना दोष देत नाही, पण वाईट वाटायचं ते वाटतंच.

बाबा बसचालक होते. जन्मभर भरलेली गाडी चालवलेल्या माणसाला मुलीचं हे एकटीने पळणं कधी पटलं नाही. "पोहणं, सायकल, पळणं! अगं, हे तर शाळेतली पोरं फुकटात करतात," म्हणायचे. आई गेल्यावर आमचं बोलणंही आटलं. आणि यंदा त्यांचा आपणहून फोन आला, "तुझी ती शर्यत बघायला येतो." फोन ठेवून मी चक्क रडले.

यंदाची शर्यत साधी नव्हती. पहिल्या तिघींना जागतिक स्पर्धेत जागा होती, आणि अडतिसाव्या वर्षी मला पुन्हा कोण विचारणार? कोचने आडपडदा ठेवला नव्हता. "तिसरी आलीस तर पुढचं बोलू. नाहीतर पुरे आता."

बाबांना कुठे उभं राहायचं ते मी नीट सांगितलं. तळ्याकाठचं वळण, तिथे सावली आहे, पळताना मी चार वेळा तिथून जाईन. टोपी घाला, गोळ्या विसरू नका, हेही सांगितलं. नियम तेवढा सांगायचा राहिला. इतक्या वर्षांत माझं कुणी बघायला आलंच नव्हतं, तर सांगायची सवय कुठून असणार?

पळायला सुरुवात केली तेव्हा मी तिसरी होते. चौथी फार मागे नव्हती. पहिल्याच फेरीत वळणावर बाबा दिसले: इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पाण्याची बाटली, झाकण काढून तयार. घाम वाळून माझ्या चेहऱ्यावर मीठ जमलं होतं. ते बघून त्यांचा जीव खालीवर झाला असणार. ते रस्त्यात उतरले आणि माझ्याबरोबर पळायलाच लागले. सत्तरीचा माणूस, पायात चपला.

"घे गं, दोन घोट घे. थांबू नकोस, मी येतो ना बरोबर!"

मागे मोटरसायकलवर पंच होता. पाणी फक्त संयोजकांच्या टेबलावरून घ्यायचं. घरच्या माणसाकडून घोटभर घेतलं, नाहीतर त्याला बरोबर पळू दिलं, की बाद.

"लांब व्हा!" मी ओरडले. "बाबा, लांब व्हा! हात लावू नका मला!"

ते जागच्या जागी थांबले. बाटलीतलं पाणी त्यांच्या शर्टावर सांडलं. पंचाने त्यांना बाजूला घेतलं. मी बाटलीला हात लावला नव्हता आणि त्यांना लगेच लांब केलं होतं, म्हणून ताकिदीवर निभावलं.

दुसऱ्या फेरीत वळणावर बाबा नव्हते. तिसऱ्या फेरीतही नव्हते. मी मान वळवून वळवून शोधत होते आणि चौथी जवळ येत चालली होती. आयुष्यात पहिल्यांदा माझं माणूस आलं आणि मी त्याला हाड् हाड् केलं, एवढंच डोक्यात. शेवटच्या फेरीत तर वाटलं, मरू दे ती शर्यत, थांबून शोधावं. थांबले नाही. का, ते विचारू नका. इतक्या वर्षांत पायांना दुसरं काही शिकवलंच नाही.

तिसरी आले. गळ्यात पदक पडलं, फोटो झाले. पहिली आलेली नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडत होती. मी कुंपणापलीकडचे चेहरे बघत सुटले. एकही माझा नव्हता.

लंगडत वळणापर्यंत गेले. बाबा तिथेच होते, रुग्णवाहिकेच्या मागे.

"कुठे होतात तुम्ही?"

"इथेच. तिन्ही वेळा पाहिलं तुला. मुद्दाम आड उभा राहिलो. मला बघून थांबली असतीस म्हणजे?" मग जरा घुश्शातच म्हणाले, "आधी सांगायचं नाही होय? स्टॉप सोडून गाडी थांबवायची नाही, एवढं कळतं मला. जन्मभर तेच केलंय."

"तिसरी आले, बाबा."

"ऐकलं भोंग्यावर." त्यांचे डोळे भरून आले. "तिकडे यावंसं फार वाटलं गं. पण म्हटलं, तिथेही काही नियम असेल."

मी पुढे झाले, तसे ते दोन पावलं मागे सरकले. रस्त्याच्या कडेला तो पंच हेल्मेट काढून केळं खात बसला होता. बाबांनी वर्गातल्या मुलासारखा हात वर केला.

"साहेब, शर्यत संपली ना? आता हिला जवळ घेतलं तर चालेल?"