तिला मृदुभाषी म्हणू नका

लाँड्रीतच भरलेल्या शोकसभेत मॅनेजरनं माझ्या बायकोला मृदुभाषी म्हटलं. एकदा म्हणून भागलं नाही, दर दोन वाक्यांना तेच. "काही मागायला आल्या तरी वाटायचं, आपली विचारपूस करायला आल्यात."

लाँड्रीतल्या बाया माना डोलवत होत्या. पुढच्या खुर्चीत माझ्या अंगाची लाही लाही होत होती.

घरी ही अशी नव्हती. दूध उतू गेलं की माझा उद्धार शेजारी ऐकायचे. कधी गोड बोललीच तर मी विचारायचो, "काय फोडलंस?" मृदू ती फक्त लाँड्रीत होती, तीही नाइलाजानं. इस्त्रीच्या खोलीत वाफ कोंडायची. ओल्या चादरींतलं धुलाईचं औषध तापून वर यायचं आणि घसा सोलवटून काढायचं. हवा बाहेर फेकणारा पंखा मागायला आधी तोफ गेली. तोफ म्हणजे हिची मैत्रीण, आवाज तसाच. मॅनेजरनं तिला आठवडाभर घरी बसवलं, तोंड सांभाळायला शिका म्हणाला. मग बायांनी हिला पुढे केलं. "ताई, तुमच्या जिभेवर साखर आहे, तुम्हीच जा."

ही जायची. "साहेब, जमलं तर बघा ना." साहेब चहा विचारायचे. पंखा काही आला नाही. हिला खोकला लागला, मग दम, मग अंथरूण.

सभा संपल्यावर मॅनेजरनं हिचा फ्रेम केलेला फोटो पिशवीतून काढला. खाली सोनेरी अक्षरांत तोच शब्द. म्हणाला, "हा माझ्या केबिनमध्ये लावतो. इस्त्रीच्या खोलीत वाफेनं खराब होईल."

"पुन्हा बोल," मी म्हटलं.

"काका, शांत व्हा."

"वाफेनं कागद खराब होतो, एवढं कळतं तुला. मग बाई कशाची बनलेली वाटली?"

"त्या कधी जोर देऊन बोलल्याच नाहीत हो. बोलल्या असत्या तर..."

"जोर देणारीला तू घरी बसवलंस. मृदुभाषी म्हणजे जिचं ऐकलं नाही तरी चालतं, ती. असंच ना?"

मी त्याच्या हातातून फोटो घेतला आणि इस्त्रीच्या खोलीत गेलो. ती उभी राहायची त्या यंत्रामागे कॅलेंडर होतं. ते काढून त्याच खिळ्याला फोटो अडकवला. सकाळपासून कोंडलेली वाफ काचेवर लगेच धरली. बाया मागोमाग आल्या होत्या, मॅनेजरही आला.

"पंखा कधी बसतोय?" तोफेनं विचारलं. 'साहेब' नाही, 'जमलं तर' नाही.

"बाई, आजचा दिवस तरी हळू बोला."

"कधी बसतोय?" या वेळी तिच्या आवाजात आणखी दोघींचे आवाज होते.

सभेसाठी बंद केलेलं यंत्र पुन्हा चालू करायला कुणीच हात पुढे केला नाही.