हौदातली विलायती मुलगी

माझे वडील विरुपाक्ष, आमचे अप्पा, लिंगैक्य झाले त्याला परवा महिना होईल. भेटायला येणारे त्यांच्या पूजापाठाबद्दल बोलतात. मला सास्तूरचा गुरांचा हौद आठवतो.

साल पंचेचाळीस, राज्य निजामाचं. जत्रेतल्या नाटकाचा दर्शनी पडदा रंगवायचं काम अप्पांनी अंगावर घेतलं होतं. त्यांचे वडील शरणबसप्पा, म्हणजे माझे अज्जा, गुळाचे व्यापारी. त्यांनी बजावलं, "पडदा गावाला न्हाय आवडला, तर रंगाचे डबे विहिरीत. मग गुमान दुकानात बसायचं."

सोलापूरहून आलेल्या आरशाभोवती इंग्रजी मासिकाचं एक पान गुंडाळलेलं होतं. त्यावर व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं चित्र: जुन्या कथेतली एक मुलगी ओढ्यात उताणी, केस मोकळे, हातात फुलं. ती कथा मी फार पुढं वाचली. अप्पांना तेव्हा एवढंच कळलं होतं, की ती बुडालीय आणि सुंदर दिसतेय.

"अरं, पडद्यावर गणपती काढतेत," आजी म्हणाली.

"गणपती सगळेच काढतेत, अव्वा."

पाण्यात केस कसे पसरतात, ते छपाईत पुसट झालं होतं. म्हणून नऊ वर्षांची मी, आईचं लुगडं गुंडाळून, हौदात उताणी. विलायती फुलं कुठली मिळणार? करडईची धरली, ती टोचत होती. कानाशी म्हैस पाणी पीत होती.

"हलू नको. तू मेलीयस."

"मेलेल्याला शिंक येती का, अप्पा?"

"आली तर दाबायची."

जत्रेच्या आदल्या दुपारी देवळासमोर पडदा बांधला. मी अज्जांशेजारी चिरमुरे खात बसले होते. पडदा उलगडला.

"बया, ही तर विरुपाक्षाची पोर!" शेजारची नागूबाई म्हणाली.

तोवर अज्जा उठले होते. "अरं, बघत काय बसलाव? काढा की तिला वर!"

ते पडद्याकडं धावले. मी मागनं त्यांचं धोतर धरलं. "अज्जा, मी हितं हाय की!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं, माझं मनगट चाचपलं. सगळं गाव हसायला लागलं. अज्जांनी उपरण्यानं डोळे पुसले.

अप्पा मान खाली घालून पुढं आले. "चुकलं. उद्यापासून दुकानात येतो."

"कशाला?" अज्जा खेकसले. "गुळाला रंग लागंल."