म्हांतू, घे!

लोहाऱ्याच्या नवजीवन बँजो पार्टीत माणसं मोजून तीन, पण ती वाजायला लागली की शेजारच्या गावातली लग्नंसुद्धा त्यांच्याच तालावर लागायची. मधे व्यंकट. त्याच्या गळ्यात बँजो, म्हणजे तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेली लाकडी पेटी. तिची वायर जायची अँप्लिफायरला, अँप्लिफायरची भोंग्याला, आणि हा सगळा संसार एका हातगाडीवर. गाडी, बॅटरी आणि खुळखुळा नागप्पाकडे. गाडीच्या पुढं, लोखंडी स्टँडवरच्या माइकसमोर, कमरेला ढोलकी बांधून महांतप्पा.

महांतप्पाचं तोंड नाचणाऱ्यांकडे आणि पाठ व्यंकटकडे. हाताची खूण त्याला दिसायची नाही. म्हणून पहिल्याच लग्नात व्यंकट बँजोजवळच्या दुसऱ्या माइकमध्ये ओरडला होता, "म्हांतू, घे!" म्हांतूनं चार थापा घेतल्या आणि चौथीवर तिघं एकदम सुटले. तीच सवय पडली. एक-दोन-तीन मोजून सुरुवात करायची असते हे त्यांना कुणी शिकवलं नाही, आणि शिकवायला कुणी आलं असतं तर त्यालाच त्यांनी नाचायला लावलं असतं. दहा वर्षं प्रत्येक चाल त्या हाकेवर सुरू झाली. लोकही तयार झाले. "म्हांतू" म्हटलं की पोरं हात वर करायची, "घे" म्हटलं की पाय उचलायची.

व्यंकटच्या बापानं छप्पन्न साली बुद्धाला शरण जाताना गावकीची हलगी आडात टाकली होती. पोरगा पुन्हा लग्नात वाजवायला निघाला म्हणून तो महिनाभर त्याच्याशी बोलला नाही. व्यंकटला घराबाहेर चहा पाजणारा आणि नंतर घरात बोलवून जेवू घालणारा महांतप्पाच. लिंगायताच्या चुलीपाशी बसून व्यंकटनं शेंगांच्या चटणीबरोबर किती भाकरी खाल्ल्या असतील याला गणती नाही. शांतम्मा, महांतप्पाची बायको, वाढताना म्हणायची, "भावजी, तुमच्या बँजोला भूक लई लागती."

तो महांतप्पा पंच्याऐंशीच्या मे महिन्यात, वाजवता वाजवता गेला.

दुष्काळाचं वर्ष होतं. लोहाऱ्यापासून तीन कोसांवरच्या एका गावात लग्न होतं, नवरदेव मारुतीला निघाला होता. आदल्या दिवशीच्या सुपारीत बॅटरी उतरली होती, म्हणून नागप्पानं नवऱ्याकडच्या एका घरातून लांब वायर ओढून करंट घेतला होता. मिरवणूक अर्ध्यावर आली आणि चार दिवस न फिरकलेला टँकर आला. गाव नवरदेवाला सोडून घागरी घेऊन पळालं. दुपारपासून घशात थेंब नसलेला महांतप्पाही ढोलकी गाडीवर ठेवून पळाला. टँकरच्या पाइपाखाली तो ओंजळी भरभरून पाणी प्याला, त्यानं डोकं धुतलं, बाया ओरडल्या तरी हलेना. इकडं वऱ्हाडी कुरकुरायला लागले. व्यंकटनं हाक मारली, "म्हांतू, घे!" मग पुन्हा मारली. तिसऱ्यांदा त्याचं डोकं फिरलं आणि तो भोंग्यावर ओरडला, "म्हांतू! मेलास का काय तिथं?"

महांतप्पा हसत पळत आला. ओल्या अंगानं, अनवाणी, चिखलातून. ढोलकी कमरेला बांधायच्या आधी त्यानं सवयीप्रमाणे माइकचा स्टँड खाली ओढायला हात घातला. तो हात मग सुटलाच नाही.

घरातून करंट दिलेली माणसं घाबरली. आपल्यावर यायला नको म्हणून त्यांनी पोलीस यायच्या आत एक वाक्य तयार केलं: वाजवणारा पिऊन तर्र होता. ज्यानं जन्मात ताडीचा वास घेतला नव्हता, त्याच्याबद्दल हे वाक्य प्रेताबरोबरच लोहाऱ्याला पोचलं. महांतप्पाला लिंगायतांच्या रीतीनं बसवून, कपाळाला विभूती लावून माती दिली, तेव्हा शांतम्मानं व्यंकटला बाजूला घेऊन विचारलं, "भावजी, खरं सांगा. वल्या अंगानं ह्यांनी कधी यंत्राला हात लावला न्हाय. मला रोज सांगायचे. मग पळत का आले? तुमी हाक मारली व्हती का?"

"न्हाय वहिनी," व्यंकट म्हणाला. "म्या हाक मारली न्हाय. त्यो आपणच आला."

एवढंच बोलला. त्याला वाटलं, आपली मान सोडवून घेतली. प्रत्यक्षात त्यानं त्या दारूच्या वाक्याला साक्ष दिली होती. हाक नाही, घाई नाही, तरी शहाणा माणूस ओल्या हातानं लोखंड धरतो, तर मग पिऊनच असणार. गल्लीतली सरुबाई शांतम्माला ऐकू जाईल अशा बेतानं तेच म्हणायची. शांतम्मा घागर उचलून निघून जायची. व्यंकट हे बघायचा, आणि बघून गप्प राहायचा. भित्रा माणूस वाईट नसतो असं आपण म्हणतो खरं, पण त्याच्या भित्रेपणाची किंमत दुसरंच कुणीतरी भरत असतं.

वर्षभर बँजो पोत्यात गुंडाळून पडला होता. शहाऐंशीतही आभाळ कोरडंच. अशात सोलापूरच्या कॅसेटवाल्या शेठचा निरोप आला. नवजीवनची पहिली, एका लग्नातच भरलेली कॅसेट अजून उमरग्यापासून परंड्यापर्यंत चहाच्या टपऱ्यांवर वाजत होती, त्याला दुसरी हवी होती. व्यंकट नाही म्हणणार होता. पण शांतम्मानंच आपल्या दिराला, वीरप्पाला, त्याच्याकडं धाडलं.

वीरप्पा पंचविशीचा, सहकारी साखर कारखान्यात हंगामी कामाला. ऊसच नाही म्हटल्यावर कारखान्याची चिमणी गार पडली होती आणि हा घरी. ढोलकी भावाकडूनच शिकलेला, आणि हात भावापेक्षाही मोकळा. तो म्हणाला, "वहिनी म्हणती, कॅसेट करा. वर दादाचा फोटू टाका. गावात त्येचं जे नाव झालंय, त्याच्यावर कायतर चांगलं येऊ दे."

आता नाही म्हणायला तोंड उरलं नाही.

सोलापुरात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागं शेठची खोली होती. भिंतींना आवाज पिण्यासाठी सोलापुरी चादरी ठोकलेल्या, पंखा बंद, मधे तीन खुर्च्या. शेठनं यंत्र चालू केलं, बोट वर केलं. आणि सुरुवातच होईना.

नागप्पा म्हणाला, "एक, दोन, तीन," तर व्यंकट तिनावर सुटला आणि वीरप्पा चारावर. मग मानेची खूण केली, तर खुळखुळा आधी निघून गेला. पायानं ठेका देऊन पाहिला. तासाभरात एकही चाल धड सुरू झाली नाही. शेठ वैतागला. "दहा वरसं वाजवताय म्हणता, आणि तुम्हाला एकदम निघता येत नाही?"

वीरप्पानं ढोलकीवरचा हात उचलला. "व्यंकटदादा, मला मोजून येत न्हाय. दादानं मला हाकंवरच शिकवलंय. रानात मला पाठमोरं बसवायचा आणि तुमच्यागत वरडायचा, म्हांतू घे. त्ये ऐकल्याबिगर माझा हातच उठत न्हाय. तुमी हाक मारा की."

"त्येचं नाव कशाला," व्यंकट म्हणाला. "तुझं घेतो. वीरू, घे!"

नाव वीरप्पाचं असूनही थाप पडली नाही.

"म्हांतूच म्हणा," वीरप्पा म्हणाला. मग ढोलकीकडं बघत हळूच म्हणाला, "त्या दिशी दादा पेला नसता तर आज हितं त्योच बसला असता."

नागप्पानं व्यंकटकडं पाहिलं. हाक नागप्पानंही ऐकली होती, तिन्ही वेळा. पण करंट त्यानं जोडला होता, म्हणून तोही गप्प. व्यंकटच्या घशाशी खरं आलं होतं. ते त्यानं गिळलं आणि त्याच्या जागी नुसती हाक बाहेर काढली.

"म्हांतू, घे!"

चार थापा पडल्या, चौथीवर तिघं सुटले. असे सुटले की शेठ खुर्चीतून उठला. बारा चाली एका दमात झाल्या, एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा, आणि प्रत्येक चालीच्या आधी तीच हाक. वाजवताना व्यंकटच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. शेठला वाटलं, घाम.

महिन्यानं कॅसेट आली. वर महांतप्पाचा फोटो, त्याच्या लग्नातला, डोक्यावर पटका. व्यंकट ती घेऊन शांतम्माकडं गेला. शांतम्मा कधी मिरवणुकीत गेली नव्हती आणि घरात टेप नव्हता; तो आज शेजारून मागून आणला होता. वीरप्पा उंबऱ्याशी बसला. शांतम्मानं फोटो पदरानं पुसून देव्हाऱ्यातल्या शिवलिंगापाशी टेकवला आणि भिंतीला पाठ लावून ऐकू लागली.

पहिली हाक आली तशी ती दचकली. नवऱ्याचं नाव तिनं स्वतः कधी घेतलं नव्हतं, आणि वर्षभर दुसऱ्या कुणीही ते तिच्यासमोर नीट घेतलं नव्हतं. दुसऱ्या चालीच्या आधी पुन्हा हाक. तिसऱ्या, चौथ्या. ती मान डोलावत ऐकत होती. पाचव्या हाकेला मान थांबली.

"भावजी, ही हाक दर टायमाला मारता?"

"व्हय वहिनी."

"परतेक चालीला?"

"त्याबिगर आमचं सुरूच व्हत न्हाय," व्यंकट म्हणाला. कलाकाराचा थोडा अभिमानही होता त्यात. "दहा वरसांत एकबी चाल बिनहाकंची सुरू झाली न्हाय."

शांतम्मानं टेपचं बटण दाबलं. चाल मधेच तुटली.

"मग त्या दिशी कशी न्हाय मारली?"

व्यंकटला आधी प्रश्न कळला नाही. मग कळला. वर्षभर जपलेलं खोटं त्यानं आपल्याच हातानं कॅसेटीत भरून तिच्या दारात आणून दिलं होतं. फोटोसकट.

"मारली व्हती," तो म्हणाला. एकदा निघालं म्हटल्यावर सगळंच निघालं. टँकर, ओंजळी, धुतलेलं डोकं, तीन हाका. तिसऱ्या हाकेत काय म्हटलं होतं तेही त्यानं लपवलं नाही. "मेलास का म्हनलो, वहिनी. भोंग्यावर. आन् त्यो हसत आला."

वीरप्पा ताडकन उठला, त्याच्या अंगावर गेला. शांतम्मानं हात आडवा धरला. ती रडत नव्हती. तिला एकच गोष्ट हवी होती.

"पेले न्हवते?"

"पाणी पेला व्हता. पाणीच पेला व्हता, वहिनी."

"अय्यो शिवा," ती खाली बसली. तिनं फोटोकडं पाहिलं. मग म्हणाली, "हाक मारली त्याचं म्या काय म्हनत न्हाय. तुमचं कामच त्ये. पन वरीस झालं, मी ह्येंच्यावर मनातल्या मनात राग धरून बसले. बायकोपासून दडवून पीत व्हते, असं समजून. मेलेल्या मानसाला म्या शिव्या दिल्या, भावजी. त्या कुनी परत घ्यायच्या?"

व्यंकट पाया पडायला वाकला तर ती म्हणाली, "पाया पडू नगा. गल्लीत सांगा."

"सांगतो. आत्ता जातो, दारोदार सांगतो."

"दारोदार न्हाय. हाक भोंग्यावर मारली व्हती न्हवं? भोंग्यावरच सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर यायच्या वेळेला नागप्पानं हातगाडी चौकात आणली. बॅटरी रात्रीच भरून घेतली होती. घरातल्या करंटला तो पुन्हा कधी हात लावणार नव्हता. घागरी, डबे, हंडे रस्त्याच्या कडेला ओळीनं लागलेले. सरुबाई सगळ्यांत पुढं. शांतम्मा आपली घागर घेऊन पाचव्या-सहाव्या जागेवर उभी, व्यंकटकडं न बघता. भोंगा दिसल्यावर बाया म्हणाल्या, आज कुणाचं लग्न? वीरप्पा ढोलकी न घेता आला होता.

व्यंकटनं दोन्ही हात धोतराला पुसले. कोरडे होते, तरी पुन्हा पुसले. मग स्टँड धरला.

काय बोलायचं ते त्यानं घरी घोकून ठेवलं होतं. मंडळी, मायबहिणींनो, अशी सुरुवात ठरवली होती. तोंड उघडलं तर त्यातलं काहीच येईना. सवयीनं तोंडातून तेच निघालं, ज्याच्याशिवाय त्याचं काही सुरूच होत नव्हतं.

"म्हांतू…"

चौकातल्या दोन पोरांचे हात वर गेले. "घे" साठी त्यांनी पायही उचलले.

"म्हांतू पेला न्हवता," भोंगा म्हणाला. "त्येला म्या बोलावलं."

पोरांनी हात खाली घेतले. टँकर आला, उभा राहिला, तरी एकही घागर पुढं सरकली नाही. व्यंकट सांगत राहिला, शेवटच्या हाकेपर्यंत.