कासवाच्या पाठीवरच्या वाट्या

सन तेहतीसच्या उन्हाळ्यात कुरवंड्याच्या देवळामागच्या तळ्यात कासव निघालं. धोंडाबाईचा पुतण्या सोपान सांगत सुटला, देवच आला. बाया हळदकुंकू घेऊन धावल्या; धोंडाबाईला मात्र ते पटेना. एक बंगलेवाला ते तळं कुंपणात घेणार होता, आणि देव नेमका त्याच आठवड्यात उगवला?

गर्दी ओसरल्यावर ती काठावर बसली. कासव परातीएवढं, पाय वल्ह्यांसारखे. शेपटीजवळ जळवा, पाठीवर पांढऱ्या दगडी वाट्या घट्ट चिकटलेल्या. तिची उमेदीची वर्षं उरणच्या मिठागरात गेली होती. असल्या वाट्या तिनं होड्यांच्या बुडाला पाहिल्या होत्या, गोड्या पाण्यात कधीच नाही.

सुटत आलेल्या खवल्यासकट तिनं एक वाटी काढली आणि घरी मिठाच्या पाण्यात सोडली. बऱ्याच वेळानं वाटीचं तोंड उघडलं. आतून पिसासारखा बारीक पंजा बाहेर आला आणि पाणी ओढू लागला. म्हणजे कासव समुद्राचं होतं; कुणीतरी घाटावर आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुकटवाला गफूर घाट चढून आला.

"गफूर, मागल्या खेपेला तट्टावर काय आनलंस?"

"सुकट, बोंबील. का मावशी?"

"आन् कासव?"

त्यानं तट्टाचा पट्टा उगाच आवळला. "सोपानभाऊनं मागितलं. डाक्टरला पायजे म्हनला."

सोपाननं नाकारलं नाही. "व्हय काकी, म्याच सोडलं. कुंपन पडलं तर गुरं कुटं पाजायची? देवाच्या पान्याला तो बंगलेवाला हात लावनार न्हाई."

त्याचं म्हणणं तिला सगळंच खोटं वाटेना, त्यानं तर जास्तच राग आला. "आन् हे गोड्या पान्यात मरतंय त्याचं काय?"

कासवानं मान टाकली होती. ओल्या गोणपाटात गुंडाळून तिनं ते तट्टावर चढवलं. गफूर वाटेत विकून टाकील, या संशयानं ती स्वतः घाट उतरून खाडीपर्यंत गेली. पाण्यात सोडल्यावर ते थोडा वेळ तसंच पडून राहिलं, मग वल्ही हलवत खोल पाण्यात गेलं.

परतल्यावर तिनं चावडीवर सारं सांगितलं. निम्म्यांना पटलं. निम्मे म्हणाले, हिनंच देव पळवला. पण बंगलेवाल्याची माणसं खांब घेऊन आली, तेव्हा दोन्हीकडचे लोक गुरं घेऊन काठावर उभे राहिले आणि खांब परत गेले.

शेजारची रतनबाई मात्र पुढं कितीतरी दिवस धोंडाबाईच्या दारावरून जाताना आत डोकावून बघायची, देव कुठं लपवलाय का ते.