गाडी पुढे चालवू नये

आमच्या ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. गेली सव्वीस वर्षं हे लोकांना भिंतीवरच्या तक्त्यासमोर बसवतात आणि सगळ्यात खालची, मुंगीच्या पायाएवढी ओळ वाचायला लावतात. गिऱ्हाईक अडखळलं की "घाई नको, नीट बघा" असं मायेने सांगतात. हाच माणूस चार वर्षांपूर्वी नवी गाडी घ्यायला गेला आणि वाढीव वॉरंटीच्या अठ्ठेचाळीस पानी पुस्तिकेचं एक पानही न उलटता तीन ठिकाणी सही ठोकून आला.

"अहो, वाचलंत तरी का?" मी विचारलं.

"त्यात काय वाचायचं? तो विक्रीवाला म्हणाला, बंपरपासून बंपरपर्यंत सगळं कव्हर आहे."

तो विक्रीवाला एका वाक्यात ह्यांना दोनदा 'सर' म्हणाला होता. घरात ह्यांना कुणी सर म्हणत नाही. सह्या तीनच झाल्या हेच नशीब.

मी छापखान्यात प्रुफं तपासते. दुसऱ्यांच्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. घरी हेच काम मी फुकट करते. त्यामुळे पुढची तीन वर्षं माझी मजेत गेली. आधी एसीची नळी फुटली. एसी कव्हर होता, पण नळी रबराची निघाली, आणि रबर म्हणे 'झिजणारी वस्तू'. मग खिडकीची काच अडकली. काच हलवणारी मोटर कव्हर होती, पण बिघडलं होतं बटण, आणि बटण 'अंतर्गत सजावटी'त मोडत होतं. दर वेळी हे सर्व्हिस सेंटरमधून पडलेल्या चेहऱ्याने यायचे आणि म्हणायचे, "पण गिअरबॉक्स पूर्ण कव्हर आहे हां!" जणू गिअरबॉक्स जाण्याचीच वाट बघतायत.

तो दिवस उगवला. सासूबाईंची कवळी मोडली होती आणि नवी आणायला आम्ही तिघं दाताच्या डॉक्टरांकडे निघालो होतो. एका अरुंद रस्त्यावर गाडी थांबली. इंजिन जोरात गुरगुरत होतं, पण गाडी तसूभर हलेना. ह्यांनी गिअरचा दांडा चारदा पुढे-मागे केला. शेवटी रिव्हर्समध्ये टाकला, तशी गाडी शहाण्यासारखी मागे गेली. म्हणजे मागे जात होती, पुढे जायचं तेवढं तिने सोडलं होतं.

"गिअरबॉक्स!" हे म्हणाले. आवाजात दुःख होतं असं मी म्हणणार नाही.

मागे दुचाक्यांची रांग लागली, भोंगे वाजवत त्या एकेक करून कडेने निसटू लागल्या. सर्व्हिस सेंटर आमच्या पाठीमागे, तीन गल्ल्या सोडून होतं. ह्यांच्या डोक्यात दिवा पेटला. "मागेच जायचंय ना आपल्याला? मग रिव्हर्समध्येच जाऊ."

"अहो, टो करणाऱ्याला बोलवा."

"तो यायला दोन तास लावेल. तू फक्त खाली उतर आणि माणसं बाजूला कर."

तर मी, पन्नाशी उलटलेली बाई, भर दुपारी हातातली पर्स हलवत रस्त्याने चालले आहे, आणि माझ्यामागून आमची गाडी पाठमोरी येते आहे, अशी आमची वरात निघाली. सासूबाई मागच्या सीटवर गुडघे टेकून, काचेतून बघत लेकाला सूचना देत होत्या. अडचण एवढीच, की दात नसल्यामुळे त्यांचं 'थांब' आणि 'लांब' सारखंच ऐकू येत होतं. दुसऱ्या वळणावर त्या "थांब, थांब" म्हणून ओरडल्या, ह्यांना वाटलं अजून लांब आहे, आणि गाडी कचऱ्याच्या लोखंडी पेटीवर आदळली. बंपरला हा एवढा पोचा पडला.

"असू दे," हे खिडकीतून म्हणाले. "बंपर तर कव्हरच आहे."

सर्व्हिस सेंटरमधल्या सल्लागाराने टाय घातला होता आणि चेहऱ्यावर शोकसभेचा भाव होता. त्याने आधी बंपरचा निकाल लावला. "सर, बंपरपासून बंपरपर्यंत म्हणजे दोन बंपरांच्या मधलं. बंपर त्यात येत नाहीत."

मी हसू दाबलं.

"आणि गिअरबॉक्स?" ह्यांनी विचारलं.

"गिअरबॉक्स कव्हर आहे सर. पण तुमचा नाही." त्याने पुस्तिका उघडून सतरावं कलम दाखवलं. 'दोष लक्षात आल्यानंतर गाडी पुढे चालवू नये. चालवल्यास वॉरंटीचा हक्क संपुष्टात येईल.' "तुम्ही गाडी चालवत आणलीत. फाटकावरच्या कॅमेऱ्यात आहे." आणि त्याने ते दाखवलंही. पडद्यावर मी पर्स हलवत आत शिरत होते. स्वागताच्या टेबलामागच्या दोघी खाली बघून हसत होत्या. हे चित्रण त्या पहिल्यांदाच बघत नव्हत्या, हे उघड होतं.

कवळी आणायला आम्ही रिक्षाने गेलो. रात्री जेवणाच्या ताटावर हे म्हणाले, "तू सांगत होतीस ते बरोबर होतं. टो करायला हवी होती." एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण तक्त्यावरची शेवटची ओळ दिसेनाशी झालेल्या गिऱ्हाइकासारखा तो चेहरा बघवेना.

रविवारी सकाळी मी पुस्तिका घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले, पेन्सिलला टोक केलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. सतराव्या कलमाशी पेन्सिल आपोआप थांबली. शेहेचाळिसाव्या कलमाखाली मी दोन रेघा मारल्या. मग शेवटचं पान उलटलं, आणि तळाशी छापखान्याचं नाव दिसलं.

आमच्याच छापखान्याचं.

मला आठवलं. पाच वर्षांपूर्वी एक कंटाळवाणं काम आलं होतं, कसल्याशा अटी आणि शर्ती. एका दुपारी मी ती प्रुफं न वाचताच हातावेगळी केली होती आणि खाली 'तपासले' लिहून सही केली होती. म्हणजे घरात ती पुस्तिका न वाचता सही करणारा माणूस एकटा नव्हता. फरक एवढाच, की मला त्याचा पगार मिळाला होता.

मी पुस्तिका मिटली. ह्यांना फक्त म्हटलं, "उद्या मॅनेजरची वेळ घ्या."

सासूबाई नवी कवळी घालून हट्टाने बरोबर आल्या. मॅनेजर जाडजूड, शांत माणूस होता. आमच्यासारखे रोज दहा जण पचवत असावा.

"बाई, कलम स्पष्ट आहे. गाडी पुढे चालवायची नव्हती."

"चालवलीच नाही," मी म्हटलं. "मागे चालवली."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "पुढे म्हणजे त्यानंतर. सरळ अर्थ आहे."

"त्यानंतर हा अर्थ वाक्यात आधीच आलाय की. 'दोष लक्षात आल्यानंतर'. मग परत 'पुढे' कशाला? उगाच शब्द वाया घालवायला तुमची कंपनी काही वेडी नाही. अर्थात हा 'पुढे' दिशेचा. आता शेहेचाळिसावं कलम बघा. मजकुराचे दोन अर्थ निघत असतील, तर ग्राहकाच्या सोयीचा धरायचा, असं तुम्हीच छापलंय."

मॅनेजरने शेहेचाळिसावं कलम वाचलं. मग पुन्हा वाचलं. मला वाटतं, तोही ते पहिल्यांदाच वाचत होता.

"मी मागे बसले होते," सासूबाई नव्या दातांनी एकेक अक्षर सुटं करत म्हणाल्या. "गाडी एक इंचसुद्धा पुढे गेली नाही. शपथेवर सांगते. आणि तुमच्या कॅमेऱ्यातही आहे."

टायवाल्या सल्लागाराने पुन्हा ते चित्रण लावलं. गाडी खरोखरच पूर्ण वेळ मागे जात होती. मॅनेजरने कपाळ चोळलं.

"हे ज्याने कुणी तपासलं," तो म्हणाला, "त्याला उभं करून विचारायला पाहिजे."

"अगदी खरं," मी म्हटलं. "लोक हल्ली कामच करत नाहीत."

मुख्य कार्यालयाशी त्यांचं काय बोलणं झालं कोण जाणे. आठव्या दिवशी फोन आला: गिअरबॉक्स मंजूर. बंपर नाही. आणि जुन्या गिअरबॉक्समधलं तेल ही झिजणारी वस्तू असल्यामुळे नवं तेल आमच्या खर्चाने.

गाडी घेऊन परत येताना हे गुणगुणत होते. सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "तू नसतीस तर काय झालं असतं गं! माणसाने तुझ्यासारखं वाचावं."

आता मात्र मला राहवेना. मी सांगून टाकलं. छापखाना, ती दुपार, ती सही.

सिग्नल हिरवा झाला. हे हलेनात. मागून भोंगे वाजायला लागले. हे माझ्याकडे बघत होते, आणि मग जे हसायला लागले ते थांबेचनात. डोळ्यांतून पाणी, चष्म्यावर वाफ. मागच्या सीटवरून सासूबाई दोन्ही हातांनी कवळी सांभाळत हसत होत्या. मला राग यायला हवा होता. आला नाही. बऱ्याच वर्षांनी आम्ही तिघं एकाच गोष्टीवर हसत होतो, आणि ती गोष्ट नेमकी मी होते, याला इलाज नव्हता.

आता दुकानात तक्त्यासमोर बसलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हे ती हकीकत ऐकवतात. मी डबा द्यायला गेले की एक डोळा झाकलेली माणसं दुसऱ्या डोळ्याने माझ्याकडे बघून हसतात.

पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली आहे. सतराव्या कलमात आता 'कोणत्याही दिशेने चालवू नये' असं आहे. शेहेचाळिसावं कलम गायब आहे. आणि ती दुसऱ्याच छापखान्यात छापली आहे. आमच्या मालकांना वाटतं, दर जास्त पडला म्हणून काम गेलं. मी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही.