कडेची बाई

“झालं!” मी ओरडले. रांगेतल्या सोळा नर्तकींनी एकदम श्वास सोडला, आवळलेली पोटं सुटली, कुणीतरी कुणाला कोपर मारलं. तेव्हा कुठे मी बटण दाबलं.

ही माझी जुनी लबाडी. “हसा” म्हटलं की माणसं दात दाखवतात, “झालं” म्हटलं की हसतात. बावीस वर्षं मी या शहराच्या वार्षिक उत्सवाचे फोटो काढतेय. नोकरी कुणाचीच नाही. बोलावणं आलं की कॅमेरा उचलायचा आणि निघायचं. सगळे मला झालंताई म्हणतात. माझी आईसुद्धा, आणि तरी फोटोच्या वेळी तीच सगळ्यात आधी फसते.

त्या दिवशी मात्र फसली टाचणीमावशी. नर्तकींचे पोशाख तीच शिवते. दर वर्षी फोटोच्या वेळी ती माझ्या मागे, ओठांत टाचण्या धरून उभी. “मावशी, या ना रांगेत,” म्हटलं की नुसती मान हलवायची. तोंड उघडायची सोय कुठे होती! या वेळी फोटो उरकला असं समजून ती तरातरा पुढे गेली, रांगेतल्या शेवटच्या मुलीची उसवलेली बाही टाचायला. त्या मुलीने तिला चक्क मिठी मारली. मावशीने टाचण्या कशाबशा हातात थुंकल्या आणि खळखळून हसली. मी बटण दाबतच राहिले.

घरी येऊन तो फोटो पाहिला आणि मी खुर्चीतून उठलेच. आजवर असा एकही निघाला नव्हता.

नगरभवनाच्या दर्शनी भिंतीवर दर वर्षी उत्सवाचा एकच फोटो लागतो, दाराएवढा मोठा. माझा कधीच लागला नव्हता. मला ती भिंत हवी होती. उगाच मोठेपणा कशाला सांगू, हावरटासारखी हवी होती.

उत्सव समितीच्या सचिवांनी फोटो पाहिला. चष्मा वर केला, खाली केला.

“फर्मास आहे. फक्त ही कडेची बाई चुकून आलीय. तेवढी कापून द्या, उद्या लावतो.”

“कापता येणार नाही.”

“का? मशीन बिघडलंय?”

“मशीन ठणठणीत आहे.”

“मग? अहो ताई, हातातोंडाशी आलेला घास कुणी असा टाकतं का?”

त्यांच्यासमोरच मी लॅपटॉपवर चौकट आत ओढून पाहिली. मावशी गेली. तिच्याबरोबर त्या मुलीचा एक हातही कोपरापर्यंत गेला, इतकंच. फोटो अगदी नीटनेटका झाला. मला माझीच लाज वाटली.

“ती नाही, तर फोटोही नाही,” म्हणत मी लॅपटॉप मिटला.

ही बातमी नर्तकींपर्यंत मीच पोचवली. मी काही एवढी संत नाही. दुसऱ्या दिवशी सोळाच्या सोळा जणी समितीच्या कचेरीत हजर. त्यांची म्होरकी एरवी बँकेत काउंटरवर बसते, त्यामुळे आवाज खणखणीत.

“साहेब, ती नसती तर आम्ही काय पडदे गुंडाळून नाचलो असतो? तिला कापायचं तर आम्हालाही कापा.”

“अहो, मग फोटोत उरेल काय?”

“स्टेज. तेवढं झाडून घ्या.”

सचिवांनी हात टेकले. गंमत म्हणजे, हसलेही. फोटो लागला, अख्खाच्या अख्खा. खाली माझं नाव. ते आईने तीनदा मोठ्याने वाचलं. मी जिंकले होते, आणि आनंदाने नुसती फुगले होते.

मग रोज काही ना काही निमित्त काढून मी नगरभवनात डोकावायची. चौथ्या दिवशी दुपारी आपलं शिवणाचं दुकान बंद करून मावशी आली. बाकावर बसलेल्या मला तिने पाहिलंच नाही. फोटोपुढे एक जोडपं उभं होतं. मावशी त्यांच्या शेजारी, एका कडेला थांबली.

“ही बाई चुकून मध्ये आलेली दिसतेय,” गृहस्थ बायकोला म्हणाले.

मावशी वळली. “चुकून नाही हो. मी तिथंच असते. एकतीस वर्षं झाली.”

गृहस्थांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. ओशाळून ते बाजूला झाले. मावशी दोन पावलं सरकली आणि भिंतीसमोर बरोबर मधोमध उभी राहिली.