पोटातली भट्टी

"हुंग, अक्का! हुंग की!"

वीणाच्या वेणीचे दोन वेढे संग्रामच्या डाव्या मुठीत होते आणि उजव्या हाताने आपल्या थोरल्या बहिणीची, कावेरीची, मान धरून तो तिचं नाक आपल्या तोंडाशी ओढत होता. गॅसवर दूध उतू चाललं होतं. गॅस बंद करायला तिघांपैकी एकाचाही हात मोकळा नव्हता.

"येतोय वास," कावेरी म्हणाली.

"येतोय न्हवं? आणि मी थेंब घेतलेलो नाही! काल भात खाल्लो, आज सकाळी ताकभात खाल्लो. आणि ही इचारती, बाटली कुठं दडवलायस. मला इचारती! नवऱ्याला!"

'मला'ला एक हिसका, 'नवऱ्याला'ला दुसरा. दोन्ही वेळा वीणाचं डोकं फ्रिजच्या दारावर आपटलं. ती ओरडली नाही. ओरडलं की वेढा वाढतो, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

"सोड तिला. सोड आधी. मला काहीतरी आठवलंय."

खरोखरच आठवलं होतं.

पदार्थ: अल्कोहोल.
बनवणारे: आतड्यातली काही बुरशी, काही जंतू.
कशापासून: भात, साखर, मैदा.
परिणाम: माणूस न पिता झिंगतो. क्वचित आढळते.

ही नोंद कावेरीनेच केली होती. इंदिरानगरच्या एका कंपनीत तिचं कामच ते. माणसाच्या अंगातले जंतू कोणकोणती रसायनं गाळतात, याचा तिथे एक प्रचंड माहितीसाठा उभा राहत होता. जगभरातले शोधनिबंध वाचायचे आणि जंतू, रसायन, परिणाम अशी सांगड घालून नोंदवायची. गावाकडच्या, निपाणीच्या मावश्या विचारत, "म्हणजे दिवसभर लोकांच्या पोटातली घाण बघतीस?" कावेरी म्हणे, "हो, पण एसीत बसून."

कामाचा एक नियम होता. दोन गोष्टी एकत्र सापडल्या तर 'संबंध' लिहायचं. एकीमुळे दुसरी घडते हे कुणी सिद्ध केलं असेल तरच 'कारण'. तिचा साहेब सुशांत, पुण्याचा, नव्या माणसांना सांगे, "एकत्र दिसले म्हणून लगेच लग्न लावून देऊ नका यार. एव्हिडन्स बघा." कावेरीच्या नोंदी तो सहसा परत पाठवत नसे.

होसकोटेच्या कारखान्यात संग्राम प्रेस मशिनवर होता. गेटवर दारू तपासायला फुंकायच्या यंत्राने त्याच्या तोंडाला दोनदा लाल दिवा दाखवला आणि त्याला घरी बसवण्यात आलं. संग्राम पितो, हे के. आर. पुरममध्ये तिघं राहत त्या अख्ख्या गल्लीचं मत होतं. पितो म्हणून मारतो, हेही. तो शपथा घेई, लोक हसत.

कावेरी त्याला एका मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली. तिथल्या लोकांनी त्याची झडती घेतली, खोलीत कोंडलं, एका वॉर्डबॉयला समोर बसवलं आणि दिवसभर भात, साखर, पाव चारला. दर थोड्या वेळाने रक्त काढलं. दुपारनंतर संग्रामची जीभ जड झाली. संध्याकाळी तो पलंगावरून उठला, वॉर्डबॉयच्या कानाखाली एक वाजवली आणि जमिनीवर कोसळला.

रक्तात दारू होती. पोटात भट्टी लागली होती.

घरात सणच झाला. कारखान्याने त्याला परत घ्यायचं कबूल केलं. शेजारची भाग्यलक्ष्मी मिठाई घेऊन आली आणि संग्रामला साखर वर्ज्य आहे म्हटल्यावर स्वतःच दोन तुकडे खाऊन गेली. "पाप, बिचारा! सुम्मने, उगाच त्या माणसाला नावं ठेवली आपण," ती म्हणाली.

 कावेरीने वीणाला जवळ घेतलं.

"तो तो नव्हता गं. जंतू होते ते."

"सगळंच जंतू होते, अक्का? पहिल्यापासनं?"

"हो."

परिणाम: तोंडाला वास. तोल जाणे. जीभ जड होणे.
परिणाम: बायकोच्या डाव्या कानात सतत शिटी वाजते.

दुसरी ओळ कुठल्याही निबंधात नव्हती. ती कावेरीने मनातल्या मनात जोडून टाकली. ऑफिसात जे तिच्या हातून कधी झालं नव्हतं, ते घरात, मायेपोटी, सहज होऊन गेलं. तिने लग्न लावून दिलं.

औषधं झाली. भात बंद, साखर बंद, मैदा बंद. अंडी, पालक, पनीर. संग्राम रोज सकाळी घरच्या यंत्रात फुंके आणि आकडा दोघींना दाखवी. शून्य. मग शून्य. मग पुन्हा शून्य. वीणाही हळूहळू सैल झाली. मोबाइलवर माहेरच्या बहिणीशी बोलताना हसू लागली.

रविवार. संग्राम आंघोळीला गेलेला. वीणाने कुकरमधला उरलेला भात ताटलीत घेतला, वर सार ओतलं आणि ओट्याकडे तोंड करून उभ्या उभ्या खाऊ लागली. महिन्याभरात घरात भात शिजला होता तो त्याच दिवशी, कावेरीसाठी.

"माझ्यापुढं भात खातीस?"

तो मागे उभा होता. अंग ओलं, कमरेला टॉवेल.

"तुमच्यापुढं कुठं? तुम्ही आत होता, म्हणून..."

"लपून खातीस मग!"

ताटली भिंतीवर फुटली. त्याने खलबत्त्यातला बत्ता उचलला. वीणाने तोंड वाचवायला हात वर केला आणि बत्ता मनगटावर बसला. आवाज ओली फांदी मोडल्यासारखा आला. ती खाली बसली. त्याने पुन्हा उचलला. कावेरी मध्ये पडली, तर तो तिच्या खांद्यावर उतरला आणि तिचा हात बधिर झाला. संग्राम लाथा घालत राहिला. कुठे लागतंय हे बघून, जागा बदलून. घसरू नये म्हणून त्याने सांडलेलं सार टाळून पाय ठेवला, हे कावेरीने पाहिलं. ते तिला लाथेपेक्षा जास्त लागलं.

तो दमला तेव्हा थांबला. टॉवेल नीट बांधला.

कावेरीने फ्रिजवरचं यंत्र घेऊन त्याच्या तोंडाशी धरलं.

"फुंक."

तो फुंकला. शून्य.

पदार्थ:
बनवणारे:
कशापासून:

संग्राम त्या आकड्याकडे बघत राहिला. मग मटकन खाली बसला आणि रडू लागला. खोटं नव्हतं ते रडणं.

"दुसरं काय तरी असंल, अक्का. दारूचा जंतू गेला, रागाचा ऱ्हायला असंल. तुझ्याकडं हजारो हाईत म्हणालीस न्हवं? बघ की गं. माझ्यासाठी बघ."

होतं. उंदरांवरचा एक निबंध तिने मागच्याच आठवड्यात नोंदवला होता. एका गटाच्या आतड्यातले जंतू दुसऱ्या गटाला दिले, तर ते एकमेकांना चावू लागले. तिने लिहिलं होतं, 'संबंध'. त्याचं नुसतं नाव सांगितलं असतं तरी संग्रामने ते ताईत करून गळ्यात बांधलं असतं, आणि ताईत घालून मारलं असतं. गल्लीने मान डोलावली असती. डोलवायला शिकवलं कुणी?

वीणा भिंतीला टेकून, मोडलेला हात मांडीवर घेऊन कावेरीकडे बघत होती. तीही उत्तराचीच वाट बघत होती.

"रिक्षा बोलव," कावेरी भावाला म्हणाली. "आधी हाड. मग पोलीस."

प्लास्टर घालून दुपारी त्या ठाण्यात गेल्या, तेव्हा संग्राम त्यांच्याआधीच येऊन बाकावर बसला होता. हॉस्पिटलचे कागद त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणले होते.

हवालदाराने ते सावकाश वाचले आणि त्याचा चेहरा मोकळा झाला.

"सिकनेस आहे की! पोटातच दारू होते. सरी, बरं, मग केस कशाला, अक्का? घरचं माणूस. स्वल्प अॅडजस्ट करा." तरीही त्याने पेन उघडलं. अशा तक्रारीतलं पहिलं वाक्य त्याला पाठ होतं. "नशेत होता, असं लिहितो. कुडिदिद्रा अल्वा? प्यायलेलाच होता ना?"

संग्रामने मान वर केली. लहानपणी शाळेतून मार खाऊन आला की तो असाच बघायचा.

"नाही," कावेरी म्हणाली. "आज पोटातही नव्हती. यंत्रावर शून्य होतं, मी पाहिलंय. नशेत हा शब्द लिहू नका."

"मग मारलं कशामुळे?"

"मारलं. त्याने मारलं. एवढंच लिहा."

"अक्का," संग्राम म्हणाला. आणि मग, अगदी हळू, "तू माझी न्हाईस का?"

कावेरीचा खांदा ठणकत होता. निपाणीहून घरच्यांचा फोन आजच येईल, आणि त्यानंतर पुष्कळ दिवस येणार नाही, हे तिला माहीत होतं.

हवालदाराने लिहून झाल्यावर कागद सहीसाठी वीणाकडे वळवला. तिच्या उजव्या हाताचं प्लास्टर बघून शाईची डबी पुढे केली. "डावा अंगठा चालतो."

"मला लिहिता येतंय," वीणा म्हणाली.

तिने पेन डाव्या हातात घेतलं. पहिलंच अक्षर वाकडं गेलं, कागद टेबलावरून सरकला. कावेरी उठली आणि बऱ्या हाताने कागदाची वरची कड दाबून धरली. वीणाने पुन्हा सुरुवात केली. पंख्याखाली हवालदार जांभई देत होता, बाहेर कुणीतरी गाडी काढायला हॉर्न वाजवत होतं, आणि ती एकेक काना, एकेक वेलांटी काढत होती, घाई न करता.